दोरी आणि पटाशी

पटाशी कोकिळेच्या हातून उडाली ती पडवीच्या कुडावर जाऊन आपटली, आणि लेथावरचा लाकडाचा ठोकळा सुटून अंगणात वाळत घातलेल्या वालाच्या शेंगांत पडला. कोकिळेनं आधी आपली बोटं जागच्या जागी आहेत ना ते पाहिलं. मग समोर पाहिलं. समोर तिची धाकटी जाऊ कमळ दोरीची दोन्ही टोकं मुठीत धरून बसली होती, आणि तिच्या तोंडावर घाबरल्याची एक रेघ नव्हती.

"मुद्दाम हिसका दिलास," कोकिळा म्हणाली.

"दोरी ओढायची म्हंजी ओढायची, वैनी. तिला काय ओवाळायचं हाय?"

"वीस वर्सं ओढलीय मी ती. हिसका कुठला नि ओढ कुठली, मला कळतंय."

"मंग तुमीच ओढा. नि पटाशी पन तुमीच धरा."

हे बोलून कमळनं दोरी खाली टाकली आणि ती वालाच्या शेंगांतून ठोकळा शोधायला गेली. शेंगा तिच्या होत्या, ठोकळा कोकिळेच्या घरचा होता. तो तिनं उचलून दिला नाही, भिंतीपलीकडे फेकला.

उंडणवाडीत या दोघींचं भांडण कुणाला नवीन नव्हतं. आगरदांड्याच्या जेटीवरून खाडीच्या कडेकडेनं येणारा रस्ता जिथं संपतो, तिथं ही वाडी. भाताची खाचरं, पलीकडे खारफुटी, आणि वाऱ्याला कायम मिठाचा वास. वाडीच्या तोंडाशीच तुळशीराम कातारी याचं घर. तुळशीराम आषाढात गेला. त्याच्या तेराव्याचं जेवण लोकांच्या पोटात जिरलं नसेल, तोवर रघू आणि कान्हा या दोघा भावांनी घराच्या मधोमध विटांची भिंत घातली. रघू थोरला, आगरदांडा-दिघीच्या बोटीवर दोर टाकायच्या कामाला. कान्हा नव्या मुंबईत एका गोदामात, शनिवारी रात्री येतो आणि रविवारी जातो. म्हणजे भिंत भावांनी घातली खरी, पण तिच्या दोन्ही बाजूंना राहायचं होतं ते बायकांना.

वाटणीत पडवी धाकट्याकडे गेली. पडवीत तुळशीरामाचा लेथ जमिनीत पुरलेला, तो उपटून नेता येईना, म्हणून तोही धाकट्याकडे गेला. पटाश्यांची पेटी सासूच्या जुन्या खोलीत होती, ती थोरल्याकडे आली. लेथ एकाकडे आणि हत्यारं दुसऱ्याकडे. त्याचा दोघांनाही काडीचा उपयोग नव्हता, पण वाटणीला बसलेला माणूस उपयोग बघत नाही, दुसऱ्याला काय मिळालं तेवढं बघतो.

लेथ म्हणजे तरी काय, दोन खुंट आणि त्यांना समोरासमोर लोखंडाची टोकं. त्या टोकांत लाकूड पकडायचं, लाकडाला दोरीचे वेढे घालायचे, आणि समोर बसलेल्या माणसानं दोरी एकदा इकडे, एकदा तिकडे ओढायची. दोरी एका बाजूला जाते तेव्हा लाकूड कातणाऱ्याच्या अंगावर फिरतं, तेव्हाच पटाशी लावायची. दोरी परतली की लाकूड उलटं फिरतं, तेव्हा पटाशी उचलायची. मोटार लावली तर एकट्याचं काम, पण तुळशीरामानं मोटार लावू दिली नाही. देवीचं काम दोरीवर होतं, तो म्हणायचा. दोरी ओढायला त्यानं थोरल्या सुनेला बसवलं, ती लग्न होऊन आली त्या वर्षापासून. म्हातारा कातायचा, कोकिळा ओढायची. गावात नाव त्याचं झालं. तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं, निदान ती तसं समजत होती.

वाटणीच्या दिवशी मात्र तिनं तोंड उघडलं. दुसरं काही नको, लेथ तेवढा आम्हाला द्या, असं ती पंचांसमोर म्हणाली. त्यावर कमळ उंबऱ्यातून बोलली.

"ज्या घरात पोर न्हाय, त्या घराला भोवऱ्याचा लेथ कशाला?"

पंच खाली बघायला लागले. रघूनं तंबाखू मळायला घेतली. कोकिळा उठून मागल्या दारी गेली आणि तिनं भांडी घासायला काढली, घासलेलीच पुन्हा घासली. वाडीतल्या प्रत्येक पहिल्या पोराच्या भोवऱ्यासाठी तिनं दोरी ओढली होती आणि तिच्या घरात पाळणा हलला नव्हता. ते वाक्य तिच्या छातीत रुतलं ते तिथंच राहिलं. त्या दिवसापासून दोघी जावा एका विहिरीवर पाणी भरायच्या, पण एकीचा पोहरा वर आल्याशिवाय दुसरी जवळ जायची नाही.

आता भोवऱ्याचं काय ते सांगायला हवं. शिमग्याला गावदेवीची पालखी निघते ती पहिल्यांदा कातारी घराच्या अंगणात थांबते. घरच्या लेथावर कातलेला भोवरा घरच्या पुरुषानं पालखीपुढं फिरवायचा. तो फिरतोय तोवर ढोल गप्प. तो पडला की ढोल वाजतात, आणि मग पालखी पुढच्या घरी जाते. तो भोवरा त्या वर्षी वाडीत जन्मलेल्या पहिल्या पोराच्या पाळण्याला बांधतात. हा मान. मानात पैसा नाही, जमीन नाही, फक्त पालखी आधी आपल्या दारात येते एवढंच. पण एवढ्याचसाठी कोकणात माणसं कोर्टाची पायरी चढली आहेत.

तुळशीराम गेल्यावर त्याचा चुलत पुतण्या हरेश्वर याला मानाची स्वप्नं पडायला लागली. संक्रांत झाली आणि देवळातल्या बैठकीत त्यानं विषय काढला. कातारी घरात आता कातारी नाही, रघू बोटीवर, कान्हा गोदामात, मग मान कशाचा, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडे पैसा आहे, ऐपत आहे, आपण चांगला रंगीत भोवरा आणू. गुरवानं दोन्ही बाजू ऐकल्या आणि सांगितलं, की यंदा शिमग्याला घरच्या लेथावर घरच्यांनी कातलेला भोवरा निघाला तर मान जागेवर राहील. नाही निघाला तर पालखी हरेश्वराच्या अंगणात आधी जाईल.

रघू घरी आला तो उतरलेल्या चेहऱ्यानं. दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून त्यानं भावाच्या पडवीत बसून कातायचा प्रयत्न केला. दुपारपर्यंत त्यानं एका चांगल्या लाकडाचे दोन तुकडे केले आणि अंगठ्याला फडकं गुंडाळलं. मग म्हणाला, महाडच्या बाजारातून आणू, कुणाला कळतंय.

"मला कळंल," कोकिळा म्हणाली.

हा भोवरा तिला का हवा होता हे तिनं रघूला सांगितलं नाही. त्या लेथावर तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं आणि दाखवायला तिच्याजवळ काही नव्हतं. मान गेला असता तर ते निम्मं आयुष्यही गेलं असतं. ती पटाश्यांची पेटी काखेत मारून कमळच्या दाराशी गेली. सात-आठ महिन्यांत पहिल्यांदा.

कमळ वाल सोलत होती. तिनं वर बघितलं नाही. कोकिळेनं काय हवं ते सांगितलं. कमळनं बराच वेळ शेंगा सोलल्या.

"शिमग्याला हरेश्वरभावोजींच्या अंगणात नारळ घेऊन मी उबी ऱ्हानार न्हाय," ती शेवटी म्हणाली. "त्येच्यासाठी ओढते दोरी. तुमच्यासाठी न्हाय."

अशी सुरुवात झाली, आणि ती कशी झाली ते वर सांगितलंच आहे.

सासरा सांगायचा, आधी लाटणं कात, मग खेळण्याच्या गाडीची चाकं, मग खुळखुळा, आणि हात बसला की भोवरा. कोकिळेनं तसंच धरलं. जळणातले आंब्याचे तुकडे घेऊन ती रोज भाकऱ्या झाल्या की पडवीत बसायची. लाटणं झालं ते मधे बारीक. चाकं झाली ती अंड्याच्या आकाराची. खुळखुळ्याच्या दांड्याला असा कंगोरा पडला की हातात धरणाऱ्याला टोचावं. वाडीतली पोरं तिचे फसलेले भोवरे उचलून न्यायची आणि फिरवायची. ते लंगडत लंगडत कोलमडायचे. पोरांनी त्यांना दारुडे नाव ठेवलं. हरेश्वराची बायको विहिरीवर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, की काय गं, आज किती दारुडे जन्माला घातले? यावर कमळही हसली, हे कोकिळेनं पाहिलं.

तिला स्वतःचं कळेना. दोरीचा प्रत्येक झोका तिच्या अंगात मुरलेला होता. कुठं लाकूड समोर येतं, कुठं परततं, डोळे मिटून सांगितलं असतं. तरी पटाशी लावली की ती लाकडात खोल रुतायची. नाही रुतली तर कमळ हिसका द्यायची. आणि तिनं हिसका नाही दिला तरी कोकिळेला वाटायचं की दिला, आणि भांडण व्हायचंच. एकदा तर दोघींनी लेथाच्या दोन बाजूंना बसून एकमेकींच्या माहेराचा उद्धार केला, आणि भिंतीआड रघू मुकाट्यानं जेवत बसला.

एका दुपारी कमळनं दोरी थांबवली. आज तिच्या आवाजात कुजकेपणा नव्हता, म्हणून जास्तच लागलं.

"तुमी हातानं कातत न्हाय, वैनी. मी दोरी ओढते तशा तुमी डुलताय. अंग दोरीमागं जातंय, त्येच्यामागं पटाशी जातेय. असं न्हाय व्हनार."

कोकिळेनं हातातल्या पटाशीकडे पाहिलं. खरं होतं. वीस वर्षं ती दोरीबरोबर डुलली होती आणि आता अंग थांबायला तयार नव्हतं. जे तिला येत होतं तेच तिच्या आड येत होतं. ती उठली, घरी आली आणि चुलीपुढं बसून रडली. रागाचं रडणं होतं ते, आणि राग कमळवर तेवढाच स्वतःवर.

पुढं काही दिवस ती पडवीत गेली नाही. शिमगा जवळ येत होता. आंब्याचा मोहर गळून कैऱ्या धरल्या होत्या, दुपारी खाडीवरून भाजून काढणारा वारा यायचा. अशा एका सकाळी ती परसात लाकडं फोडत होती आणि भिंतीपलीकडे कमळ ताजी मासळी साफ करत होती. कोकिळेला बघायचं नव्हतं, पण भिंत परसात कमरेएवढीच होती. कमळ कोयतीनं खवलं काढत होती. कोयती पुढं जायची, खवलं उडायची. मागं येताना कोयती माशावरून उचललेली, केसभर वर. पुन्हा पुढं, पुन्हा उचलून मागं. अंग जागचं हलत नव्हतं, हात तेवढा चालत होता.

कोकिळा कुऱ्हाड हातात घेऊन बराच वेळ तशीच उभी राहिली. सासऱ्याचा हात असाच चालायचा. हे तिला दिसलं आणि ते दिसल्याचं तिला अतोनात वाईट वाटलं. दुसरी कुणीही असती तर चाललं असतं.

संध्याकाळी ती पडवीत गेली आणि दोरीच्या जागेवर बसली. पटाशी तिनं कमळपुढं सरकवली.

"घे."

"मी?" कमळ म्हणाली. "मी जल्मात धरली न्हाय."

"मासळी साफ करतेस तशी धर. येताना उचल. बाकी मी बघते."

पहिलं लाटणं कमळनं कातलं ते सरळ निघालं. चाकं गोल निघाली. कोकिळा ओढत होती, एकसारखी, न चुकता, आणि तिच्या ओढीवर कमळच्या पटाशीखालून लाकडाच्या सालपटांच्या लांब लांब गुंडाळ्या निघत होत्या. कमळ स्वतःच आश्चर्यानं बघायची. आठ दिवसांत तिनं खुळखुळा कातला, त्याच्या पोटात गुंजा भरल्या आणि आपल्या लेकीच्या, तेजस्वीच्या हातात दिला. पोर तो वाजवत वाडीभर हिंडली. बायका म्हणायला लागल्या, कमळच्या हातात सासऱ्याचा हात आलाय. कोकिळा हे ऐकायची आणि दोरी ओढायची. तिला कमळचा इतका हेवा वाटायचा की रात्री जेवण गोड लागायचं नाही. पण लाकूड चांगलं निघत होतं आणि ते तिच्या ओढीवर निघत होतं, हेही तिला कळत होतं. कळून उपयोग नव्हता. ते दिसत कुणाला होतं?

देवीचा भोवरा त्यांनी सुकवलेल्या शिवणीच्या लाकडाचा कातला. बोलल्या तेवढं कामापुरतं, थांब आणि ओढ.

शिमग्याला पालखी अंगणात आली. चौरंगावर टेकली, गुरवानं नारळ वाढवला, रघूनं धुतलेल्या पंच्यावर भोवरा आणून ठेवला. तेवढ्यात हरेश्वर पुढं झाला. त्यानं भोवरा उचलला, उलटासुलटा केला, नखानं घासला.

"बाजारातला हाय," तो म्हणाला. "ह्ये काम घरचं न्हाय. रघूला लाटनं कातता येईना, त्यो भोवरा कातनार?"

कान्हा रघूच्या मागं सरकला. गर्दीत कुजबुज सुरू झाली. दोघी जावांनी कातलाय असं कुणीतरी मागून म्हणालं, तर हरेश्वर मोठ्यानं हसला. दारुडे त्यानंही पाहिले होते. आणि देवीच्या हत्याराला बायकांचा हात लागला असेल तर ते आणखी वाईट, असंही त्यानं गुरवाला ऐकवलं. गुरव म्हातारा माणूस, त्याला उन्हात उभं राहून वाद घालायचा नव्हता. वीस वर्षं या दोरीला बाईचाच हात होता तेव्हा देवी कुठं गेली होती, एवढंच तो म्हणाला. मग त्यानं निकाल दिला की पडवी समोर आहे, लेथ समोर आहे. देवीच्या डोळ्यांपुढं काता. तोवर पालखी थांबेल.

दोघी बसल्या. रघूनं शिवणीचा उरलेला ठोकळा टोकांत अडकवला. कोकिळेनं वेढे घातले आणि ओढायला सुरुवात केली. ढोलवाले ढोल उतरवून जमिनीवर बसले. भोई घाम पुसत उभे राहिले. ठोकळ्याचा गोळा झाला, गोळ्याला खांदा आला, खालची निमुळती बाजू आली. हरेश्वराचं हसू बंद झालं. आता शेवटचं नाजूक कातणं राहिलं होतं, टोकाकडचं. तिथं एक हिसका बसला तर सगळं गेलं असतं. हे कोकिळेला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे कमळला ठाऊक होतं.

कोकिळेनं दोरी थांबवली.

"वाटनीच्या दिवशी उंबऱ्यात जे बोललीस," ती म्हणाली, आवाज न चढवता, "ते मागं घे. इथं, समद्यांपुढं. मंग ओढीन."

रघू पुढं व्हायला लागला, त्याला गुरवानं हातानंच थांबवलं. कमळचा चेहरा लाल झाला. पटाशी तिनं लाकडावरून काढली नाही.

"आनि माज्या तेजस्वीच्या बारशाला तुमी आला न्हाय," ती म्हणाली. "एकाच घरात व्हतो आपुन तवा. भिंत नव्हती तवा. पाळन्याला दोरी लावायला थोरली जाऊ न्हाय. लोकांनी इचारलं मला. काय सांगायचं मी?"

त्या दिवशी कोकिळा खाडीवर जाऊन बसली होती. दुसऱ्याचा पाळणा बघवत नव्हता म्हणून. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं आणि आताही ती सांगणार नव्हती. पण ती नुसती बसून राहिली, दोरी मुठीत घेऊन, आणि तिचे डोळे भरले. ते कमळनं पाहिलं. कदाचित बाकी कुणी पाहिलं नसेल.

"बोलले ते वंगाळ बोलले," कमळ म्हणाली. बोलली ती इतक्या फणकाऱ्यानं की गर्दीतल्या निम्म्यांना वाटलं नवीन भांडण सुरू झालं. "मागं घेतलं. आता ओढा, पालखी खोळंबलीय."

कोकिळेनं ओढली. तशी दोरी तिनं सासऱ्यालाही कधी ओढून दिली नव्हती.

रघूनं भोवऱ्याच्या टोकाला लोखंडी आर ठोकली, सुताची जाळी गुंडाळली आणि भोवरा पालखीपुढं सोडला. भोवरा जमिनीला लागला आणि जागचा हलेना. फिरतोय की उभा आहे हे कळू नये असा फिरला. पोरं वाकून बघायला लागली. हरेश्वर बघत होता, त्याच्या मानेची शीर ताठ झाली होती. शेवटी भोवरा झुकला, पडला, आणि ढोल वाजले. मान घरात राहिला.

त्यानंतर गुरवानं भोवरा उचलून विचारलं की यंदा वाडीतलं पहिलं पोर कुणाचं. ते सगळ्यांना माहीत होतं. पहिलं पोर हरेश्वराच्या घरचं होतं, त्याचा नातू. हरेश्वराला तो भोवरा दोन्ही हात पुढं करून घ्यावा लागला, पालखीपुढं वाकून. तो घेतला तेव्हा त्याच्या बायकोनं विहिरीवरचा आवाज काही काढला नाही. कोकिळेला बरं वाटलं, आणि वाईटही. एवढं करून भोवरा त्यांच्याच पाळण्याला.

लोक कमळभोवती जमले होते. तिचं कौतुक चाललं होतं, हात बघत होते तिचा. दोरीचं नाव कुणी काढलं नाही. कमळनंही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोकिळा आपली हत्यारं न्यायला पडवीत गेली. कमळ चुलीपुढं होती, ती बाहेर आली नाही. पेटी लेथाजवळ उघडी होती. कोकिळेनं पटाश्या पुसून एकेक आत ठेवल्या. भोवरा कातायची गोल पटाशी तेवढी नव्हती. तिनं इकडेतिकडे पाहिलं. ती कमळच्या चुलीमागच्या कुडात खोवलेली होती, कोयतीच्या शेजारी, तेल लावून.

कोकिळेनं ती मागितली नाही. ती लेथाकडे वळली, खुंटावरचे दोरीचे वेढे सोडवले, दोरी नीट गुंडाळून खांद्यावर घेतली. वळून बघते तो कमळ दारात उभी, हातात फुंकणी. तिनं खांद्यावरची दोरी पाहिली. ही दोरी लेथाबरोबर वाटणीत कमळकडे आलेली होती.

कमळ परत चुलीकडे वळली. कोकिळा दोरी घेऊन भिंतीच्या आपल्या बाजूला गेली, आणि तिनं ती पेटीत न ठेवता माजघरातल्या खुंटीला टांगली, येता-जाता हाताला लागेल अशी.